आधी संलग्नता, मग विभाग: मुंबई विद्यापीठाच्या रचनेचा प्रशासकीय इतिहास

तुमची गुणपत्रिका समोर घेऊन बघा. बहुतेकांच्या गुणपत्रिकेवर दोन नावे सापडतील. एक तुम्ही रोज जाता त्या महाविद्यालयाचे, आणि दुसरे विद्यापीठाचे, जिथे एखाद्या दाखल्यासाठी रांगेत उभे राहण्यापलीकडे तुम्ही कदाचित कधी गेलाही नसाल. शिकवते एक संस्था आणि पदवी देते दुसरी. आपल्याला हे इतके अंगवळणी पडले आहे की त्यात काही विचित्र आहे असे वाटतच नाही. जगातल्या बऱ्याच देशांतील विद्यार्थ्याला मात्र ही व्यवस्था समजावून सांगावी लागते.

या टिपणात आपण ही व्यवस्था कशी घडली ते मुंबई विद्यापीठाच्या उदाहरणावरून पाहणार आहोत. हे उदाहरण घेण्याचे कारण असे की या एका विद्यापीठाची हद्द एके काळी कराचीपासून धारवाडपर्यंत होती. तुमच्यापैकी जे गुजरात, उत्तर कर्नाटक, गोवा किंवा पश्चिम महाराष्ट्रात शिकत आहेत, त्यांच्या विद्यापीठाचा पूर्वेतिहास याच कार्यालयात सुरू होतो. कलकत्ता आणि मद्रास विद्यापीठांच्या प्रदेशातील विद्यार्थ्यांना आपल्याकडचे तपशील वेगळे दिसतील, पण सांगाडा तोच आहे.

सुरुवातीला तीन शब्द नीट वेगळे करून घेऊ, कारण वर्तमानपत्रांतसुद्धा त्यांची सरमिसळ होते. विद्यापीठाचा विभाग म्हणजे विद्यापीठाचेच अंग. तिथले प्राध्यापक विद्यापीठाचे नोकर, खर्च विद्यापीठाच्या अंदाजपत्रकातला, जागा विद्यापीठाची. संलग्न महाविद्यालय दुसऱ्या कोणाचे तरी असते: सरकारचे, एखाद्या शिक्षणसंस्थेचे, मिशनचे किंवा ट्रस्टचे. विद्यापीठ त्याला अभ्यासक्रम देते, परीक्षा घेते आणि पदवी देते. तिसरा प्रकार मान्यताप्राप्त संस्थेचा. ही बहुधा संशोधन संस्था असते. तिच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्याला पीएच.डी. विद्यापीठाकडून मिळते, बाकी कारभार तिचा तिचा. मुंबईतली हाफकिन संस्था अशी होती. टाटा मूलभूत संशोधन संस्थाही २००२ साली अभिमत विद्यापीठ होईपर्यंत याच पद्धतीने आपल्या विद्यार्थ्यांना मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळवून देत असे.

आता मुद्दा असा: स्वाभाविक क्रम वाटतो तो आधी विभाग आणि मग संलग्न महाविद्यालये. विद्यापीठ उभे राहील, शिकवू लागेल, त्याचा लौकिक होईल आणि मग आजूबाजूच्या संस्था त्याला जोडल्या जातील. आपल्याकडे नेमके उलटे झाले. संलग्नता आधी आली, विभाग साठ-बासष्ट वर्षांनी आले.

विभाग नसलेले विद्यापीठ

१९ जुलै १८५४ रोजी ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांनी हिंदुस्थान सरकारला एक खलिता पाठवला. चार्ल्स वुड यांच्या नावाने तो ओळखला जातो. त्यात कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथे विद्यापीठे काढावीत अशी सूचना होती, आणि नमुना म्हणून लंडन विद्यापीठाचे नाव होते. ऑक्सफर्ड किंवा केंब्रिज नव्हे, लंडन. ही निवड फार महत्त्वाची आहे. १८३६ साली सनद मिळालेले लंडन विद्यापीठ त्या काळी शिकवत नव्हते. युनिव्हर्सिटी कॉलेज आणि किंग्ज कॉलेज अशा स्वतंत्र संस्थांच्या विद्यार्थ्यांची परीक्षा घ्यायची आणि पदवी द्यायची, एवढेच त्याचे काम होते.

कंपनी सरकारला हा नमुना का रुचला हे ओळखणे कठीण नाही. तो स्वस्त होता. इमारत नको, प्राध्यापक नकोत, वसतिगृह नको. एक कायदा, काही सन्माननीय सदस्य आणि एक निबंधक एवढ्यावर विद्यापीठ उभे राहत होते. शिवाय धर्माचा प्रश्न टळत होता. मिशनरी कॉलेज असो की सरकारी, विद्यापीठ फक्त उत्तरपत्रिका तपासणार.

मुंबई विद्यापीठाचा कायदा १८ जुलै १८५७ रोजी झाला. कलकत्त्याचा त्याच वर्षी जानेवारीत झाला होता, मद्रासचा सप्टेंबरमध्ये झाला. उत्तरेत उठाव पेटलेला असताना मुंबईचा कायदा मंजूर होत होता, हे तारखा शेजारी मांडल्यावर लक्षात येते. कायद्याने निर्माण केलेली संस्था म्हणजे कुलपती, कुलगुरू आणि फेलो यांची मंडळी. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन पहिले कुलपती झाले. राज्यपाल हेच कुलपती ही आजची प्रथा इथूनची आहे. फेलोंची मिळून सिनेट, म्हणजे आजच्या अधिसभेची पणजी. रोजचा कारभार पाहणारी छोटी समिती म्हणजे सिंडिकेट. तिच्या वंशातली आजची व्यवस्थापन परिषद. विद्याशाखा चार होत्या: कला, कायदा, वैद्यक आणि स्थापत्य अभियांत्रिकी. लक्षात घ्या, ‘विद्याशाखा’ हा शब्द असला तरी त्यात एकही शिकवणारा माणूस विद्यापीठाचा नव्हता. विद्याशाखा म्हणजे परीक्षेचे नियम ठरवणारी समिती.

शिकवणाऱ्या संस्था आधीपासून होत्या. मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेज, १८४५ साली सुरू झालेले ग्रँट मेडिकल कॉलेज, १८५५ पासूनची सरकारी कायदाशाळा. पुण्यात पूना कॉलेज, म्हणजे पुढचे डेक्कन कॉलेज. १८५९ साली पहिली मॅट्रिक परीक्षा झाली आणि १८६२ साली पहिले चार बी.ए. बाहेर पडले: महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. विद्यापीठाला तोवर स्वतःचे छप्पर नव्हते, सभा टाऊन हॉलमध्ये भरत. पदवीदानाचे सभागृह १८७४ साली पूर्ण झाले. ग्रंथालय आणि राजाबाई मनोरा १८७८ साली, प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून. म्हणजे जन्मानंतर तब्बल एकवीस वर्षांनी विद्यापीठाला ग्रंथालयाची इमारत मिळाली, आणि वर्ग भरवायची खोली तेव्हाही कोणाला आठवली नाही.

‘मॅट्रिक’ या शब्दाबद्दल थोडे विषयांतर. ही मुळात विद्यापीठाची प्रवेश परीक्षा, शाळा सोडल्याची परीक्षा नव्हे. पण सरकारी नोकरीसाठी ती प्रमाण मानली जाऊ लागली आणि प्रांतातल्या सगळ्या माध्यमिक शाळांचा अभ्यासक्रम आपोआप विद्यापीठाच्या हातात गेला. स्वातंत्र्यानंतर एस.एस.सी. बोर्ड येईपर्यंत ही स्थिती टिकली. आजोबा ‘नॉनमॅट्रिक’ होते असे घरात ऐकले असेल, तर ते नापासाचे शिक्के या विद्यापीठाचे होते.

एका अभियांत्रिकी महाविद्यालयाची वाटचाल

संलग्नता प्रत्यक्षात कशी चालते हे पाहायला पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय फार चांगले उदाहरण आहे. मी स्वतः अभियांत्रिकी शिकवतो म्हणून हे उदाहरण निवडले, असा आरोप मान्य आहे.

जुलै १८५४ मध्ये मुंबई सरकारने पुण्यात ‘पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल’ सुरू केले. रस्ते, पूल, कालवे, इमारती यांच्या कामांवर लागणारे दुय्यम अधिकारी तयार करणे हा उद्देश. पदवीचा प्रश्नच नव्हता, कारण तेव्हा विद्यापीठ नव्हते. १८६० च्या दशकात हा वर्ग ‘पूना सिव्हिल इंजिनिअरिंग कॉलेज’ झाला, मुंबई विद्यापीठाला जोडला गेला आणि तिथले विद्यार्थी एल.सी.ई. या परीक्षेला बसू लागले. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या याच एल.सी.ई. परीक्षेतून गेले. त्यांची आधीची बी.ए. मात्र मद्रास विद्यापीठाची, कारण बंगळूरचे सेंट्रल कॉलेज मद्रासला संलग्न होते. एकाच माणसाच्या दोन पदव्या दोन विद्यापीठांच्या, आणि त्या दोन्ही विद्यापीठांनी त्याला एक तासही शिकवले नव्हते!

पुढे १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ सुरू झाले तेव्हा हे महाविद्यालय त्याच्याकडे गेले. २००३ साली त्याला स्वायत्तता मिळाली, तरी पदवी पुणे विद्यापीठाचीच राहिली. २०२२ साली राज्याच्या कायद्याने ते स्वतःच विद्यापीठ झाले. इमारत तिथेच, मुठेच्या काठाजवळ. पदवीवरची मोहोर मात्र बदलत गेली. रुरकीची कहाणीही अशीच आहे: १८४७ साली सुरू झालेले कॉलेज, १८६४ पासून कलकत्ता विद्यापीठाशी संलग्न, १९४९ साली स्वतंत्र विद्यापीठ, २००१ पासून आयआयटी. संस्था विद्यापीठापेक्षा वयाने मोठी, आणि तरी शतकभर प्रशासकीयदृष्ट्या कोणाची तरी धाकटी.

हद्द

सुरुवातीच्या कायद्यात हद्द काटेकोरपणे आखलेली नव्हती. त्यामुळे विद्यापीठाचा पसारा ब्रिटिश मुलखाबाहेरही गेला. कोल्हापूरचे राजाराम कॉलेज, बडोद्याचे कॉलेज, भावनगरचे सामळदास कॉलेज ही संस्थानांतली महाविद्यालये मुंबईला जोडलेली होती. मोहनदास गांधी १८८७ साली मुंबई विद्यापीठाची मॅट्रिक झाले ते अहमदाबादच्या केंद्रावरून, आणि पुढे काही महिने शिकले ते सामळदास कॉलेजात. कराचीत १८८७ साली निघालेले सिंध कॉलेज मुंबईशी संलग्न होते. १९२२ साली तिथे सुरू झालेले अभियांत्रिकी महाविद्यालय, आज एन.ई.डी. विद्यापीठ म्हणून ओळखले जाणारे, तेही फाळणीपर्यंत मुंबईच्याच परीक्षा देत होते.

उलट मराठी मुलखाचा मोठा भाग मुंबईच्या हद्दीत नव्हता. नागपूरची महाविद्यालये आधी कलकत्त्याकडे, मग अलाहाबादकडे गेली, आणि १९२३ साली नागपूर विद्यापीठ झाले. मराठवाडा निजामाच्या राज्यात, म्हणून तिथला संबंध उस्मानिया विद्यापीठाशी, जिथे शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. औरंगाबादला स्वतंत्र विद्यापीठ १९५८ साली आले.

या पद्धतीवर टीका करणे सोपे आहे आणि ती पुष्कळ झाली आहे: घोकंपट्टी, कारकून तयार करण्याचा कारखाना वगैरे. पण संलग्नतेने एक मोठी गोष्ट साधली, तिची नोंद कमी वेळा होते. एखाद्या गावातल्या चार शिक्षकांना कॉलेज काढायचे असेल तर त्यांना पदवी देण्याचा अधिकार मिळवावा लागत नव्हता. तो उसना मिळत होता. १८८५ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटीने फर्ग्युसन कॉलेज काढले ते या आधारावर. तुटपुंज्या पगारावर काम करणाऱ्या देशी शिक्षकांच्या कॉलेजातला विद्यार्थी आणि एल्फिन्स्टनच्या गोऱ्या प्राध्यापकांचा विद्यार्थी एकाच प्रश्नपत्रिकेला बसत होते.

हा उसना अधिकार नाकारल्यावर काय होते ते महर्षी कर्व्यांच्या महिला विद्यापीठात दिसते. १९१६ साली त्यांनी ते सुरू केले ते मातृभाषेतून शिकवण्यासाठी आणि सरकारी चौकटीबाहेर. स्वतःचा अभ्यासक्रम, स्वतःची महाविद्यालये, ‘गृहीतागमा’ ही स्वतःची पदवी. १९२० साली ठाकरसी कुटुंबाची पंधरा लाखांची देणगी मिळाली, पैशाचा प्रश्न काहीसा सुटला. पण कायद्याची मान्यता नव्हती. ती १९५१ साली मिळाली, पस्तीस वर्षांनी. तोवर गृहीतागमा झालेल्या मुलीने किती शिकले हा प्रश्न नसून तिच्या पदवीमागे कायदा आहे का, हा प्रश्न होता.

१९०४: तपासणी सुरू होते

लॉर्ड कर्झन यांच्या काळात १९०२ साली विद्यापीठ आयोग नेमला गेला आणि १९०४ साली भारतीय विद्यापीठ कायदा आला. तोपर्यंत फेलो तहहयात असत आणि त्यांच्या संख्येला मर्यादा नव्हती. नव्या कायद्याने मोठ्या विद्यापीठांच्या सिनेटचा आकार पन्नास ते शंभर असा ठरवला आणि त्यात सरकारनियुक्तांचे पारडे जड ठेवले. गोपाळ कृष्ण गोखले यांनी केंद्रीय विधिमंडळात या विधेयकाला कसून विरोध केला. सरकारला विद्यापीठे सुधारायची आहेत की ताब्यात घ्यायची आहेत, हा वादाचा गाभा होता. उत्तर दोन्ही, असे मला वाटते.

आपल्या दृष्टीने या कायद्यातल्या दोन तरतुदी महत्त्वाच्या. पहिली संलग्नतेच्या अटींची. कॉलेजला नियामक मंडळ हवे, शिक्षकांची पात्रता हवी, इमारत, ग्रंथालय, विज्ञान शिकवायचे तर प्रयोगशाळा, आणि कॉलेज चालत राहील इतका पैसा हवा. विद्यापीठ तपासणी करील, आणि अंतिम मंजुरी सरकार देईल. आज महाविद्यालयात स्थानीय चौकशी समिती येते तेव्हा जे रकाने भरून घेते ते बघा. अग्निशमन आणि इंटरनेट वगळले तर रकाने तेच आहेत. समिती येण्याच्या आदल्या दिवशी ग्रंथालयातली धूळ झटकली जाते, ही परंपराही तितकीच जुनी असावी असा माझा संशय आहे.

दुसरी तरतूद अशी की विद्यापीठांना स्वतःचे प्राध्यापक नेमून शिकवण्याची मुभा मिळाली. हिचा उपयोग सर्वांत आधी केला तो कलकत्त्याने. आशुतोष मुखर्जी यांनी तारकनाथ पालित आणि रासबिहारी घोष यांच्या देणग्यांतून १९१४ साली विज्ञान महाविद्यालय उभे केले. १९१७ साली चंद्रशेखर वेंकट रामन सरकारी नोकरी सोडून पालित प्राध्यापक झाले ते इथेच. मुंबईला मात्र जाग यायला आणखी वेळ लागला.

विभाग येतात, आणि जातात

मुंबई विद्यापीठात विभागांची सुरुवात १९१९ साली समाजशास्त्रापासून झाली. पहिले प्राध्यापक पॅट्रिक गेडिस, नगररचनेतले नामवंत स्कॉटिश विचारवंत. १९२४ साली गोविंद सदाशिव घुर्ये विभागप्रमुख झाले. इरावती कर्वे, एम. एन. श्रीनिवास, ए. आर. देसाई हे त्यांचे विद्यार्थी. विद्यापीठाचे अंग असलेला विभाग काय करू शकतो याचा हा पहिला पुरावा. संलग्न महाविद्यालयातला प्राध्यापक कितीही विद्वान असला तरी पेपर दुसऱ्याने ठरवलेल्या अभ्यासक्रमाचाच शिकवणार. घुर्ये विषयच घडवू शकले.

त्याहून बोलके उदाहरण रसायन तंत्रज्ञान विभागाचे आहे. मुंबईत कापड गिरण्या होत्या, त्यांना रंगाई आणि छपाईचे रसायनशास्त्र जाणणारी माणसे हवी होती. १ ऑक्टोबर १९३३ रोजी विद्यापीठाने हा विभाग सुरू केला. विषय दोन, वस्त्ररसायन आणि रासायनिक अभियांत्रिकी. सुरुवातीची जागा रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधली, म्हणजे सरकारी महाविद्यालयात विद्यापीठाचा विभाग पाहुणा. १९४३ साली तो माटुंग्याला स्वतःच्या वास्तूत गेला. पहिले प्रमुख रॉबर्ट फॉर्स्टर. १९३८ साली कृष्णस्वामी वेंकटरामन हे पहिले भारतीय संचालक झाले. रंगद्रव्यांवरच्या संशोधनासाठी ते जगभर ओळखले जातात. पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालकही तेच. त्यांच्यानंतर त्या पदावर बी. डी. टिळक आले, तेही माटुंग्याहून. काही वर्षांनी तिथे संचालक झालेले रघुनाथ माशेलकर माटुंग्याचेच विद्यार्थी. विद्यापीठाच्या एका विभागाने राष्ट्रीय प्रयोगशाळेला असे नेतृत्व पुरवले.

मग हा विभाग विद्यापीठात का राहिला नाही? कारण प्रशासनाची रचना त्याच्यासाठी बनलेलीच नव्हती. विद्यापीठाचे कार्यालय, लेखा शाखा, परिषदांच्या बैठका हे सगळे यंत्र शेकडो महाविद्यालयांच्या परीक्षांसाठी बांधलेले होते. उद्योगांशी करार करणाऱ्या, उपकरणे मागवणाऱ्या, वर्षागणिक अभ्यासक्रम बदलू पाहणाऱ्या विभागाची कागदपत्रेही त्याच रांगेत. २००४ पर्यंत विभागाला पूर्ण स्वायत्तता मिळाली आणि १२ सप्टेंबर २००८ रोजी तो अभिमत विद्यापीठ झाला. आजची इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी ती हीच. २०१८ पासून तिची केंद्रे जालना आणि भुवनेश्वरला आहेत.

मद्रासमध्ये याची जवळजवळ प्रतिकृती दिसते. अळगप्पा चेट्टियार यांच्या देणगीतून १९४४ साली निघालेले तंत्रज्ञान महाविद्यालय मद्रास विद्यापीठाचे होते. १९७८ साली ते गिंडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाबरोबर नव्या अण्णा विद्यापीठात गेले.

महाविद्यालये जाण्याची गोष्ट वेगळी. स्वातंत्र्याच्या आसपास पुणे, कर्नाटक, गुजरात, बडोदा ही विद्यापीठे निघाली आणि मुंबईची हद्द झपाट्याने आकसली. १९५३ च्या कायद्याने ती मुख्यतः बृहन्मुंबईपुरती राहिली; कोकणचे जिल्हे पुढे तिला जोडले गेले. १९६२ नंतर गोव्यातली नवी महाविद्यालये मुंबईला संलग्न झाली आणि पणजीत पदव्युत्तर केंद्र निघाले. १९८५ साली गोवा विद्यापीठ झाले तेव्हा त्या केंद्राचे विभाग हेच त्याचे पहिले विभाग ठरले. पुण्याच्या हद्दीतून १९६२ साली कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ आणि १९९० साली जळगावचे उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ वेगळे झाले. प्रत्येक वेळी नवे विद्यापीठ निघाले ते जुन्याचा भार हलका करण्यासाठी, आणि प्रत्येकाने पहिल्या दिवसापासून तोच भार उचलला.

तो भार किती, हे २०१७ साली दिसले. मुंबई विद्यापीठाने त्या उन्हाळ्यातल्या परीक्षांच्या सुमारे १७ लाख उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायचे ठरवले. तयारी अपुरी होती. निकाल महिनोन्‌महिने रखडले, बाहेर प्रवेश मिळालेल्या मुलांच्या हातात गुणपत्रिका नव्हत्या, आणि ऑक्टोबरमध्ये कुलपतींनी कुलगुरूंना पदावरून दूर केले. चूक कोणाची यावर तेव्हा खूप लिहिले गेले. पण एका कार्यालयावर १७ लाख उत्तरपत्रिकांची जबाबदारी का असावी, हा प्रश्न १८५७ च्या आराखड्याला विचारायचा आहे.

उपाय म्हणून स्वायत्त महाविद्यालयांची कल्पना कोठारी आयोगाने १९६६ साली मांडली होती. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात तर संलग्नता पंधरा वर्षांत टप्प्याटप्प्याने संपवण्याचे उद्दिष्ट आहे. मोठ्या शहरातल्या, पैसा आणि प्राध्यापक असलेल्या महाविद्यालयाला हे जमेल. तालुक्याच्या गावातले कला-वाणिज्य महाविद्यालय, जिथे निम्म्या जागा तासिका तत्त्वावर भरलेल्या असतात, ते स्वतःच्या पदवीला बाजारात किंमत कुठून आणणार? तिथल्या मुलीच्या हातात आज विद्यापीठाच्या नावाचा कागद आहे. तो नोकरीच्या अर्जाला चालतो, जिल्ह्याबाहेरही चालतो.

मुंबईत या दिशेने एक पाऊल पडलेही आहे. २०१९ साली डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठ स्थापन झाले. त्यात इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स, जिथे १९३३ साली रसायन तंत्रज्ञान विभाग पाहुणा म्हणून सुरू झाला होता, सिडनहॅम कॉलेज आणि माध्यमिक अध्यापक प्रशिक्षण महाविद्यालय एकत्र आली. त्यांच्याबरोबर एल्फिन्स्टन कॉलेजही मुंबई विद्यापीठातून बाहेर पडले.